सोलापूरच्या पाणलोटासाठी अपधावाचे मॉडेल : पावसाच्या आकडेवारीची पायरीवार तयारी

प्रबंधासाठी, पाणलोट विकासाच्या आराखड्यासाठी किंवा एखाद्या बंधाऱ्याच्या येव्याच्या (त्यात येऊन मिळणाऱ्या पाण्याच्या) अंदाजासाठी जे प्रथमच अपधावाचे (पावसापैकी न मुरता जमिनीवरून वाहून जाणाऱ्या पाण्याचे) मॉडेल उभे करणार आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ मुबलक आहेत आणि कोणते बटण केव्हा दाबायचे हे त्यांत नीट दाखवलेले असते. परंतु त्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचा पाऊस कुठून आणावा, तो कसा तपासावा आणि तो चुकला तर पुढचे सगळे गणित किती बिघडते, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. सोलापूर जिल्ह्यातील आणि लगतच्या तालुक्यांतील लहान पाणलोटांवर काम करताना माझे असे ठाम मत झाले आहे की, मॉडेलमध्ये दिसणाऱ्या बहुतेक चुका मुळात पावसाच्या नोंदींतील चुका असतात आणि आपण त्या मातीच्या, उताराच्या किंवा सूत्राच्या नावावर खपवतो.

आपल्या भागात ही अडचण अधिक तीव्र आहे. सोलापूर पर्जन्यछायेत येते. वर्षाची सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास आहे आणि सर्वाधिक पाऊस जुलैत नव्हे, तर सप्टेंबरात पडतो. त्यातला बराचसा दुपारनंतर चढणाऱ्या विजांच्या ढगांतून येतो, त्यामुळे एका शिवारात ओढा भरून वाहत असताना शेजारच्या गावात रस्त्यावरची धूळही बसत नाही. कोकणात दोन पर्जन्यमापकांत पंधरा किलोमीटरचे अंतर असले तरी दिवसाचा अंदाज बऱ्यापैकी लागतो. तोच हिशेब बार्शी, मोहोळ किंवा अक्कलकोटला लावला, तर पाणी कुठून आले हेच कळेनासे होते.

सुरुवातीपूर्वी जमवायची साधने आणि कागदपत्रे

- क्यूजीआयएस (नकाशांसाठी) आणि एचईसी-एचएमएस (अपधावाच्या मॉडेलसाठी) ही दोन्ही सॉफ्टवेअरे मोफत मिळतात. पहिल्या महिनाभराचे काम मात्र एक्सेलसारख्या साध्या तक्त्यातच करावे.
- ३० मीटर विभेदनाचा उंचीचा नकाशा. एसआरटीएम या अवकाशयान मोहिमेचा किंवा इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावरील कार्टोसॅट उपग्रहाचा चालतो.
- मृदा नकाशा आणि भूवापराचा नकाशा, शक्यतो खरीप आणि रब्बी असे दोन वेगवेगळे.
- भारतीय हवामान विभागाच्या केंद्रांच्या दैनंदिन नोंदी. त्यांच्या मागणीसाठी संस्थाप्रमुखांचे पत्र, ओळखपत्र आणि माहितीचा वापर केवळ अभ्यासासाठी होईल असे हमीपत्र आधीच तयार ठेवावे.
- महसूल मंडळनिहाय पावसाच्या नोंदी.
- नदीच्या विसर्गाच्या नोंदी, किंवा त्या नसतील तर तलावाची दैनंदिन पाणीपातळी आणि त्या तलावाचा क्षमता तक्ता (कोणत्या पातळीला किती साठा, हे सांगणारा). यासाठी संबंधित पाटबंधारे उपविभागाला लेखी विनंती करावी लागते आणि उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून हे पत्र सर्वांत आधी द्यावे.

१. पाणलोट निवडताना जिल्ह्याची हद्द विसरा

सोलापुरात अभ्यास करायचा म्हटले की नवख्या माणसाच्या मनात आधी भीमा येते. पहिल्या कामासाठी ही निवड टाळावी. पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात पुराचे पाणी येते तेव्हा त्यातला मोठा वाटा सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचा असू शकतो, आणि ते पाणी उजनी धरणात अडून, दरवाजांच्या वेळापत्रकानुसार खाली सोडलेले असते. शिवाय नीरा नरसिंहपूरला नीरेचे पाणी येऊन मिळते ते वेगळेच. सोलापूरच्या पर्जन्यमापकांवरून हा विसर्ग काढण्याचा प्रयत्न करणे म्हणजे ज्या पावसाने नदी वाढवली तो सोडून भलताच पाऊस मॉडेलला देणे होय.

सीना काहीशी सोयीची असली तरी ती अहिल्यानगरकडून येते, बीड आणि धाराशिवच्या हद्दीतील पाणी घेते आणि दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडल येथे भीमेला मिळते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनाकाठच्या गावांत महापूर आला, तो समजून घ्यायचा तर केवळ माढा-मोहोळचा पाऊस पाहून चालत नाही. वरच्या जिल्ह्यांतील पाऊस आणि वाटेतल्या सीना-कोळेगावसारख्या प्रकल्पांतून सोडलेले पाणी दोन्ही लागतात. त्यातच भीमा-सीना जोड बोगद्यातून उजनीचे पाणीही सीनेत सोडले जाते, त्यामुळे पाऊस नसताना नदीला पाणी दिसले तर ते मॉडेलचे अपयश समजू नये.

पहिल्या कामासाठी ५० ते ४०० चौरस किलोमीटरचे, वर मोठे धरण नसलेले पाणलोट घ्यावे. हिप्परग्याच्या एकरुख तलावाला पाणी देणारी आदिला नदी, बालाघाटाच्या उतारावरून बार्शी तालुक्यात उतरणारे ओढे किंवा अक्कलकोटकडची हरणा-बोरीची उपखोरी हे चांगले पर्याय आहेत. यांपैकी अनेकांचा वरचा भाग तुळजापूरच्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात आहे. माहितीची मागणी ‘सोलापूर जिल्हा’ एवढ्याच शब्दांत केली, तर नेमका जिथे पाऊस जास्त आणि उतार तीव्र आहे तो भाग हातातून निसटतो. आधी उंचीच्या नकाशावरून जलविभाजक रेषा काढावी, तिच्याभोवती वीसेक किलोमीटरचा पट्टा आखावा आणि त्या पट्ट्यात येणाऱ्या प्रत्येक पर्जन्यमापकाची यादी करावी.

२. पावसातील चूक अपधावात किती वाढते, हे आधी कागदावर पाहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मला मात्र ती सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून येथे थोडे थांबू. पावसावरून अपधाव काढण्याच्या कर्व्ह नंबर पद्धतीचे सूत्र पुढे दिले आहे. कर्व्ह नंबर हा माती, भूवापर आणि ओलीवरून ठरणारा शंभरपर्यंतचा अंक; तो जितका मोठा तितका अपधाव जास्त. साठवण म्हणजे जमीन जास्तीत जास्त धरून ठेवू शकेल ते पाणी :

साठवण = (२५४०० ÷ कर्व्ह नंबर) − २५४
अपधाव = (पाऊस − ०.२ × साठवण)² ÷ (पाऊस + ०.८ × साठवण)

सर्व मापे मिलिमीटरमध्ये आहेत आणि पाऊस ०.२ × साठवण एवढ्या मर्यादेच्या आत असेल तर अपधाव शून्य धरायचा असतो. कर्व्ह नंबर ८० घेतला तर साठवण ६३.५ मिलिमीटर येते. आता १०० मिलिमीटर पाऊस घातला तर अपधाव ५०.५ मिलिमीटर निघतो. पर्जन्यमापकाने १० टक्के कमी, म्हणजे ९० मिलिमीटर नोंदवले असते तर तो ४२.४ मिलिमीटरवर येतो; पावसातली १० टक्क्यांची चूक अपधावात १६ टक्के झाली. लहान पावसात हे प्रमाण आणखी वाईट होते. ३० मिलिमीटर पावसाला अपधाव ३.७ मिलिमीटर मिळतो, पण २७ मिलिमीटरला जेमतेम २.६, म्हणजे तीच १० टक्क्यांची चूक जवळपास ३० टक्क्यांवर गेली. सोलापुरातले बहुसंख्य पावसाळी दिवस याच लहान पावसाच्या वर्गात मोडतात, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी.

याहून मोठा धोका सरासरीत आहे. समजा, १०० चौरस किलोमीटरच्या पाणलोटाच्या निम्म्या भागावर १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि उरलेला निम्मा भाग कोरडा राहिला. प्रत्यक्षात निम्म्या भागातून ५०.५ मिलिमीटर आणि निम्म्यातून काहीच नाही, म्हणजे सरासरी सुमारे २५ मिलिमीटर अपधाव होईल. परंतु तुम्ही आधी पावसाची सरासरी काढून संपूर्ण पाणलोटाला ५० मिलिमीटर दिले, तर सूत्र १३.८ मिलिमीटर सांगते. एक मिलिमीटर पाणी एका चौरस किलोमीटरवर म्हणजे १,००० घनमीटर, या हिशेबाने खरे पाणी सुमारे २५ लाख घनमीटर असताना मॉडेल १४ लाखांच्या आतच थांबते. येथे पावसाचे एकूण प्रमाण अगदी बरोबर होते. केवळ तो कुठे पडला हे पुसले गेले.

हा तक्ता स्वतः करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. पुढच्या प्रत्येक पायरीत किती काटेकोर राहायचे, याचा अंदाज त्यावरूनच येतो.

३. नोंदींचे स्रोत आणि प्रत्येकाची मर्यादा

हवामान विभागाच्या केंद्रांच्या नोंदी दीर्घकालीन आणि तुलनेने विश्वासार्ह असतात, पण अशी केंद्रे विरळ आहेत. सोलापूरला कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची १९३० च्या दशकापासूनची परंपरा आहे, त्यामुळे तेथील कृषी संशोधन केंद्राकडेही चौकशी करावी.

कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर मंडळनिहाय दैनंदिन पाऊस मिळतो, आणि ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिल्याने अलीकडच्या वर्षांत नोंदींची घनता चांगलीच वाढली आहे. लहान पाणलोटासाठी हाच मुख्य आधार ठरतो. मात्र ‘मंडळाचा पाऊस’ म्हणून दिलेला आकडा हा त्या मंडळातील एका ठिकाणच्या यंत्राचा आकडा असतो, संपूर्ण मंडळाची सरासरी नव्हे. यंत्र नेमके कुठे बसवले आहे, याचे अक्षांश-रेखांश मिळवावेत; गावाच्या नावावरून नकाशात मनाने ठिपका ठेवू नये. मंडळांची पुनर्रचना होते आणि एकाच नावाखाली दोन वेगवेगळ्या ठिकाणांच्या नोंदी जोडल्या गेलेल्या असू शकतात, हेही पाहावे.

जलसंपदा विभागाच्या जलविज्ञान प्रकल्पाची स्वतंत्र पर्जन्यमापक केंद्रे आहेत, आणि कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी तात्काळ माहिती देणारी स्वयंचलित यंत्रणाही उभारलेली आहे. ताशी पाऊस हवा असेल तर येथे आवर्जून विचारावे.

हवामान विभागाची ०.२५ अंश जाळीवरील दैनंदिन पावसाची फाइल मोफत उतरवता येते आणि ती १९०१ पासून उपलब्ध आहे. नवख्यांना ती फार आवडते, कारण तीत रिकाम्या जागा दिसत नाहीत. परंतु आपल्या अक्षांशावर तिची एक चौकट सुमारे ७३० चौरस किलोमीटरची होते, म्हणजे तुमचे संपूर्ण पाणलोट एकाच चौकटीत मावू शकते. ही जाळी आजूबाजूच्या केंद्रांवरून गणिताने भरलेली असल्यामुळे तीव्र पावसाची टोके बोथट होतात आणि हलक्या पावसाचे दिवस वाढतात. दुष्काळाच्या वर्षांची तुलना, दीर्घकालीन सरासरी, ७५ टक्के विश्वासार्हतेचा येवा (शंभरपैकी पंचाहत्तर वर्षांत निदान एवढा येईल असा) अशा कामांना ती उत्तम आहे. एका रात्रीत आलेल्या पुरासाठी मात्र ती वापरू नये.

४. शून्य आणि रिकामी नोंद यांची गल्लत सोडवा

फाइल उघडल्यावर पहिला प्रश्न हा विचारायचा : येथे शून्य लिहिले आहे ते पाऊस नव्हता म्हणून, की नोंद घेतली नाही म्हणून? काही फाइलींत रिकाम्या नोंदीसाठी −९९९ असा अंक असतो, काहींत आडवी रेघ असते आणि काहींत सरळ शून्य. −९९९ तसाच ठेवून बेरीज केली तर वर्षाचा पाऊस उणे येतो आणि चूक लगेच कळते. शून्याची चूक मात्र गुपचूप राहते, म्हणून ती अधिक घातक आहे.

तपासणी पुढील क्रमाने करावी.

प्रथम, ज्या दिवशी भोवतालच्या तीन-चार केंद्रांवर २५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस आहे आणि मधल्या एकाच केंद्रावर शून्य आहे, ते सर्व दिवस वेगळे काढावेत. आपल्याकडे असा दिवस खराही असू शकतो, त्यामुळे तो परस्पर खोडू नये; पण एकाच केंद्रावर हे वारंवार दिसले तर यंत्रात कचरा अडकला आहे, पक्ष्याने घरटे केले आहे किंवा बॅटरी संपली आहे, असा संशय घ्यावा. दुसरे, हाताने घेतलेल्या जुन्या नोंदींत सुटीचे दोन दिवस कोरे आणि तिसऱ्या दिवशी मोठा आकडा, असा नमुना शोधावा. तेथे तीन दिवसांचा पाऊस एकत्र लिहिलेला असतो. तिसरे, ४.५ च्या जागी ४५ असे दशांश चिन्हाचे घोटाळे आणि दोन मंडळांचे सलग दिवस अंकाअंकाने सारखे असणे, हे दोन्ही तक्त्यात सहज पकडता येते.

त्यानंतर दुहेरी संचयी आलेख काढावा. एका अक्षावर तपासायच्या केंद्राचा वर्षानुवर्षांचा साचत गेलेला पाऊस आणि दुसऱ्या अक्षावर शेजारच्या केंद्रांच्या सरासरीचा साचत गेलेला पाऊस मांडला, की रेष साधारण सरळ यायला हवी. एखाद्या वर्षापासून ती वाकत असेल तर त्या सुमारास यंत्र हलवले असेल, बदलले असेल किंवा शेजारी झाड अथवा इमारत उभी राहिली असेल.

गहाळ नोंदी भरताना शेजारच्या केंद्रांची वार्षिक सरासरी १० टक्क्यांहून अधिक वेगळी असेल तर साधी सरासरी न घेता सामान्य गुणोत्तर पद्धत (शेजारच्या प्रत्येक केंद्राचा आकडा दोन्ही केंद्रांच्या वार्षिक सरासरींच्या प्रमाणात बदलून मग सरासरी काढणे) वापरावी. माझा सल्ला असा की, मोठ्या वादळी पावसाच्या दिवसाची गहाळ नोंद भरूच नये. तो प्रसंग अभ्यासातून वगळावा. वळवाच्या किंवा परतीच्या पावसात शेजारच्या केंद्रावरून काढलेला आकडा हा अंदाज नसून कल्पना असते.

५. साडेआठचा नियम पाळा

हवामान विभागाचा ‘दिवस’ सकाळी ८.३० ला संपतो. १५ तारखेसमोर लिहिलेला पाऊस म्हणजे १४ तारखेच्या सकाळी ८.३० पासून १५ तारखेच्या सकाळी ८.३० पर्यंत पडलेला पाऊस. सोलापूरकडचा पाऊस प्रामुख्याने संध्याकाळी आणि रात्री येतो, त्यामुळे तो जवळजवळ नेहमीच आदल्या तारखेला पडलेला असतो. ओढ्याला पाणी १४ च्या रात्री आले आणि पावसाची तारीख १५ लिहिलेली असली, तर मॉडेलला पूर आधी आणि पाऊस नंतर दिसतो. मग बिचारा अभ्यासक प्रवाहाचा विलंबकाळ (पाऊस पडल्यापासून पाणी खाली पोहोचेपर्यंतचा वेळ) बदलत बसतो आणि तो कितीही बदलला तरी आलेख जुळत नाही.

उपग्रहाच्या माहितीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. आयएमईआरजी या नासाच्या उपग्रहाधारित माहितीतला दैनंदिन पाऊस जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्रीपासून मोजला जातो, म्हणजे आपल्या पहाटे ५.३० पासून. जमिनीवरील केंद्राशी तुलना करताना त्याचा अर्ध्या तासाचा पाऊस घ्यावा आणि ८.३० ते ८.३० अशी बेरीज स्वतः करावी. तलावाची पातळी सकाळी किती वाजता वाचली जाते, हेही त्या उपविभागात विचारून वहीत लिहून ठेवावे.

वेळेचा दुसरा भाग पावसाच्या तीव्रतेचा आहे. १० किलोमीटर लांबीचा आणि किलोमीटरला ४ मीटर उताराचा ओढा घेतला, तर ओढ्याची लांबी आणि उतार यांवरून वेळ काढणाऱ्या किरपिच सूत्राने पाणी वरच्या टोकापासून खालपर्यंत पोहोचण्यास सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. अशा ठिकाणी दिवसाला एक आकडा देऊन पुराचे शिखर काढता येत नाही. ६० मिलिमीटर पाऊस दोन तासांत कोसळला, तर ओढा पात्राबाहेर जातो. तोच दिवसभर रिमझिमत राहिला, तर पाण्याचा मोठा भाग मुरतो. ताशी नोंद मिळत नसेल तर जवळच्या स्वयंचलित केंद्रावरील त्याच प्रसंगाची ताशी विभागणी घ्यावी आणि तिच्या प्रमाणात दैनंदिन आकडा वाटावा. दिवसाचा पाऊस चोवीस तासांत समान वाटण्याचा सोपा मार्ग सॉफ्टवेअर देते, पण त्याने शिखर हमखास कमी येते.

६. ठिपक्यांवरून क्षेत्रावर येणे

केंद्रांवरचा पाऊस पाणलोटावर पसरवण्यासाठी थिसेन बहुभुज पद्धत सर्वांत सोपी आहे. तीत पाणलोटाचा प्रत्येक भाग त्याच्या सर्वांत जवळच्या केंद्राला दिला जातो. क्यूजीआयएसमध्ये ती ‘व्होरोनॉय’ नावाने सापडते. प्रत्येक केंद्राच्या वाट्याला पाणलोटाचा किती भाग येतो, तेवढे त्याचे वजन. यात दोन खाचखळगे आहेत. एक म्हणजे, एखाद्या दिवशी एका केंद्राची नोंद नसेल तर त्या दिवसापुरती वजने नव्याने काढावी लागतात. जुन्याच वजनांनी गुणले तर गहाळ केंद्राचा पाऊस शून्य धरला जातो. दुसरे म्हणजे, पाणलोटाच्या बाहेरील केंद्र वगळण्याचा मोह होतो, पण बाहेरचे केंद्रही आतल्या मोठ्या भागाला सर्वांत जवळचे असू शकते.

दुसऱ्या पायरीतील १०० आणि शून्य मिलिमीटरचे उदाहरण येथे आठवावे. पाणलोटाचे पाच-सात उपपाणलोट करून प्रत्येकाला स्वतःचा पाऊस द्यावा, प्रत्येकाचा अपधाव वेगळा काढावा आणि मगच बेरीज करावी. एकच सरासरी पाऊस आणि एकच कर्व्ह नंबर, ही मांडणी फक्त वार्षिक अंदाजापुरती ठेवावी.

१४ ऑक्टोबर २०२० चा प्रसंग सरावासाठी चांगला आहे. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे तीव्र क्षेत्र आंध्रच्या किनाऱ्यावरून तेलंगणा, उत्तर कर्नाटक ओलांडून आपल्याकडे आले आणि जिल्ह्याच्या मोठ्या भागावर एकाच वेळी अतिवृष्टी झाली. अशा व्यापक पावसात थिसेन पद्धत बऱ्यापैकी चालते. त्याच पाणलोटावर मे महिन्याचा एखादा वळीव घेऊन तीच पद्धत लावा; दोन निकालांतील फरक पाहिला की नोंदींची किती घनता पुरेशी, हा प्रश्न पावसाच्या प्रकारावर अवलंबून असल्याचे स्पष्ट होते.

७. काळी माती आणि मागील पाच दिवस

कर्व्ह नंबर मातीवरून ठरतो, हे अर्धेच खरे आहे. मागील पाच दिवसांच्या पावसावरून तो खाली-वर सरकतो. पीकवाढीच्या हंगामात पाच दिवसांची बेरीज सुमारे ३६ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर जमीन कोरडी, ५३ पेक्षा जास्त असेल तर ओली आणि मधली असेल तर सामान्य धरतात. सामान्य स्थितीत ८० असलेला कर्व्ह नंबर कोरड्या स्थितीत ६३ आणि ओल्या स्थितीत ९१ होतो. त्याच ५० मिलिमीटर पावसाचा अपधाव अनुक्रमे २.४, १३.८ आणि २८.९ मिलिमीटर येतो. म्हणजे आजचा आकडा अचूक असूनही चार दिवसांपूर्वीची नोंद गहाळ असेल तर उत्तर कित्येक पटींनी चुकू शकते. पाच दिवसांची खिडकी सरकवत नेण्याचे सूत्र तक्त्यात आधीच लिहून ठेवावे आणि त्या खिडकीत एकही रिकामी नोंद असेल तर तो प्रसंग लाल रंगाने दाखवावा.

आपल्याकडील पद्धतीत सूत्रातील ०.२ हा गुणकही बदलतो. काळ्या मातीसाठी सामान्य आणि ओल्या स्थितीत ०.१, तर काळ्या मातीच्या कोरड्या स्थितीत आणि इतर मातींसाठी ०.३ घेण्याची शिफारस आहे. गुणक बदलला की खालचा ०.८ देखील बदलून अनुक्रमे ०.९ आणि ०.७ करावा लागतो. हे पुष्कळांच्या नजरेतून सुटते.

मृगाच्या पावसाचे वर्तन या कोष्टकांत बसत नाही. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडलेल्या भेगा पहिले पाऊस गिळून टाकतात आणि ५० मिलिमीटर पावसानंतरही ओढा कोरडा राहू शकतो. याउलट सप्टेंबरात भेगा मिटलेल्या असतात. त्यातच आपल्याकडे रब्बी ज्वारीसाठी राखलेली पुष्कळ राने खरिपात मोकळी असतात, म्हणून ‘खरीप पीक’ असा एकच भूवापर देणे चूक ठरते. जून-जुलैचे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचे प्रसंग वेगळे हाताळावेत. बांधबंदिस्ती, समतल चर, शेततळी आणि नाल्यांवरील सिमेंट बंधारे यांनीही हंगामाच्या सुरुवातीचे पाणी अडते. ते भरल्यानंतर तोच पाऊस अधिक अपधाव देतो.

८. उपग्रहाचा पाऊस : पूरक म्हणून

आयएमईआरजी ०.१ अंशाच्या जाळीवर अर्ध्या तासाचा पाऊस देते आणि चिर्प्स ही उपग्रह व केंद्रांच्या नोंदी मिळून बनवलेली माहिती ०.०५ अंशाच्या जाळीवर १९८१ पासूनचा. पहिले पावसाची वेळ आणि सरकण्याची दिशा समजण्यासाठी उपयोगी, दुसरे दीर्घ कालावधीसाठी. दोन्हींचे आकडे जमिनीवरील केंद्रांशी ताडून, निदान महिन्याच्या बेरजेवरून दुरुस्त करून मगच वापरावेत.

९. जुळणी करताना आधी पाऊस तपासा, मग गुणक हलवा

प्रत्यक्ष प्रवाहाशी तुलना करण्यासाठी सीनेवर वडकबाळ आणि भीमेवर टाकळी येथे केंद्रीय जल आयोगाची विसर्ग मापन केंद्रे आहेत. कृष्णा खोऱ्यातील ही माहिती गोपनीय वर्गात मोडत नाही आणि ‘इंडिया-डब्ल्यूआरआयएस’वर पाहता येते. लहान ओढ्यावर असे केंद्र नसते. तेथे तलावाच्या पातळीवरून येवा काढावा. दिवसभरातील साठ्याचा बदल, त्यात सोडलेले पाणी, बाष्पीभवन आणि पाझर यांची भर घातली की त्या दिवसाचा येवा मिळतो. काही तलावांत उजनीच्या कालव्याचे पाणीही सोडले जाते, म्हणून ते वजा करण्यासाठी सोडण्याच्या तारखा मागून घ्याव्यात.

आता मॉडेल चालवावे आणि नॅश-सटक्लिफ गुणांक (मॉडेलचा आणि मोजलेला प्रवाह किती जुळतो हे सांगणारा आकडा; १ म्हणजे पूर्ण जुळणी) काढावा. तो कमी आला तर सॉफ्टवेअरला आपोआप जुळणी करायला सांगण्याचा मोह आवरावा. यंत्र आकडा जुळवून देईलच. पाऊस २० टक्के कमी नोंदवला गेला असेल तर ते कर्व्ह नंबर वाढवून ती तूट भरून काढेल, आणि ज्या दिवशी पाऊस बरोबर नोंदवला जाईल त्या दिवशी पुराचा अंदाज अवास्तव फुगेल. प्रत्येक बिघडलेल्या प्रसंगासाठी पुढील प्रश्न याच क्रमाने विचारावेत : तारीख सरकली आहे का? एखादे केंद्र गहाळ किंवा शून्य आहे का? पाणी आले त्या भागात केंद्र होते का? मागील पाच दिवस पूर्ण आहेत का? या चारही प्रश्नांचे उत्तर समाधानकारक असेल तरच मातीच्या गुणकांना हात लावावा.

एकूण अपधाव पावसाहून जास्त निघाला, तर तो प्रसंग मॉडेलकडे नेऊच नये. पाऊस चुकला आहे किंवा बाहेरचे पाणी आले आहे, यांपैकी एक नक्की.

जुळणी आणि पडताळणी यांसाठी वर्षे निवडताना ओली आणि कोरडी दोन्ही दोन्हीकडे येतील असे पाहावे. केवळ २०१५ आणि २०१८ सारख्या दुष्काळी वर्षांवर बसवलेले मॉडेल २०२० ला उपयोगी पडत नाही.

१०. पावसाची अनिश्चितता आकड्यांत मांडा

अहवालात एकच उत्तर देऊ नये. उपलब्ध केंद्रांपैकी एकेक केंद्र वगळून प्रत्येक वेळी अपधाव पुन्हा काढावा आणि निघालेला सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडा सांगावा. पाच केंद्रांपैकी एक काढल्यावर येवा निम्म्यावर येत असेल, तर त्या बंधाऱ्याचा आराखडा त्या एकाच यंत्राच्या भरवशावर उभा आहे, हे निर्णय घेणाऱ्या अभियंत्याला कळायलाच हवे. अशा वेळी ज्या भागात केंद्र नाही तेथे पुढील पावसाळ्यापूर्वी एक साधा पर्जन्यमापक बसवण्याची शिफारस करावी. झाडे-भिंतींपासून दूर, मोकळ्या जागी, आणि रोज सकाळी ८.३० लाच नोंद घेणाऱ्या व्यक्तीच्या देखरेखीखाली.

अहवालाला जोडावयाच्या परिशिष्टात प्रत्येक केंद्राचे स्थान, नोंदींचा कालावधी, गहाळ दिवसांची टक्केवारी, भरलेल्या नोंदी आणि त्या भरण्याची पद्धत, तसेच वगळलेल्या प्रसंगांच्या तारखा व कारणे द्यावीत. मूळ फाइल जशी मिळाली तशीच वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि दुरुस्त्या तिच्या प्रतीवर कराव्यात.